फक्कीच्या रेघा

क्षेत्रफळाचा धडा चौथीच्या पोरांच्या डोक्यावरून जात होता. शेवटी सुमेधाबाईंनी पुस्तक मिटलं आणि वर्ग मैदानात काढला. हुतूतूचं मैदान आखायची फक्की होती, मीटर-मीटरवर गाठी मारलेली दोरी होती. दोन संघ पाडले; बरोबर मोजेल तो जिंकला. काय पेटली ती पोरं! गोजराबाईची सुनीती तर दोरी सोडेना.

"बाई, उद्या आमी आमचा शेत मोजू?"

"मोजा की! तुम्हीच ठरवा, तुम्हीच आखा," बाई हौसेनं म्हणाल्या. तिथंच घात झाला.

अहो, शिरवणे गावच्या माणसांनी पांढऱ्या रेघा आधी पाहिल्या होत्या! नेरूळच्या बाजूला सरकारी माणसं नव्या शहरासाठी जमिनी घ्यायला फक्की टाकून गेली, आणि त्या रेघांच्या आत पुन्हा भात पेरला गेला नाही. आता भरदुपारी आपलीच पोरं आपल्या शेतात तसल्याच रेघा ओढतायत म्हटल्यावर गाव गप्प बसतंय होय? गोजराबाईनं लेकीला दंडाला धरून फरफटत नेलं आणि शाळेच्या दारात येऊन शिमगा केला.

"पोरांच्या हातानं मोजनी करतेस? कोनी पाठवला तुला?"

"गणिताचा खेळ होता हो तो..."

"आमच्या जमिनीवर खेल? माजी पोर आता शालेत नाय येनार!"

दुसऱ्या दिवशी वर्गात चिटपाखरू नव्हतं. हेडमास्तर वामन गुरुजी म्हणाले, "पुस्तकातलं शिकवलं असतं तर काय बिघडलं असतं?" बाई घरोघर फिरल्या. लोकांनी तोंडावर दारं लावली. सुनीतीसारखी पोर आता मिठागरावर पाट्या वाहणार, आणि हे आपण आपल्या हातानं केलं, या विचारानं त्यांना जीव नकोसा झाला.

त्या तडक गोजराबाईच्या शेतात गेल्या आणि गुडघ्यांवर बसून रेघा पुसू लागल्या. फक्की ढेकळांत मुरलेली, निघता निघेना. बोटं सोलली. बाई रडत होत्या आणि घासत होत्या.

"पुसून ते सरकारवाले थांबनार हायत का?"

बांधावर गोजराबाई उभी होती, मागं सुनीती. गोजराबाईचा आवाज पार बसला होता.

"उद्या ते येतील. कागदावर काय लिवतील, आमाला काय कलनार? किती हाय गो आपला शेत?"

"दोनच बाजू झाल्या," सुनीती मुसमुसत म्हणाली. "तू ओढून नेलास मला."

गोजराबाईनं बांधावर पडलेली दोरी उचलली आणि एक टोक लेकीच्या हातात दिलं.

"धर. गनित पुरा कर. मंग उद्या जा शालेत."

मायलेकी गाठी मोजत बांधाबांधानं चालल्या. पोरांची तिथंच राहिलेली फक्की उचलून बाई मागोमाग टाकत गेल्या. चौथ्या कोपऱ्यावर सुनीतीनं मातीत काडीनं गुणाकार केला, बाईंकडून तपासून घेतला आणि आईला आकडा सांगितला.

गोजराबाई मटकन खाली बसली.

"येवढा होता आमचा शेत?" ती म्हणाली.