तलाव कुणासाठी तापवायचा

पाणी १६ अंश.

सोमवारची सकाळ. ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावच्या बोचऱ्या थंडीत ग्लेनिस काठीवर रेलून परसातल्या पोहण्याच्या तलावाकडे बघत होती. शनिवारी चांगलं ऊन पडलं होतं, तेव्हा तिच्या मुलाचे, ब्रेंटचे, मित्र येऊन पोहून गेले होते. पाण्यावर सनस्क्रीनचा तेलकट तवंग, त्यात अर्धवट चावलेलं सॉसेज आणि कुणाच्या तरी टाचेवरून सुटलेली जखमेची पट्टी. खुब्याचा सांधा बदलल्यापासून रोज अर्धा तास कोमट पाण्यात चालायचं, नाहीतर पाय कायमचा आखडेल, असं फिजिओने बजावलं होतं.

ह्या पाण्यात?

अजूनही १६.

तलावांची कामं करणारा नेव्हिल आला.

"गॅस हीटर काही तासांत पाणी तापवतो, पण त्याला सतत गॅस जाळावा लागतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली ऊब ओढतो. त्याला दोन-तीन दिवस लागतात, पण मग रोजचं पाणी स्वस्तात उबदार राहतं. पोहणार कधी, तेवढं सांगा."

"शनिवारी," ब्रेंट म्हणाला.

"रोज," ग्लेनिस म्हणाली.

"मम, रोज तू एकटी! शनिवारी वीस माणसं येतात."

"येतात, ढोसतात आणि पाण्यातच मुततात."

नेव्हिलला ठसका लागला.

"घर माझं आहे, नेव्हिल. हीट पंप बसव. आणि ऊब टिकवायला तलावावर घालायची चादर आण."

१९.

हीट पंप बसवून आठवडा झाला, पारा तिथेच अडकलेला. यंत्र दिवसभर घरघरत होतं. बार्बेक्यूला आलेल्यांना ते धूड दिसू नये म्हणून ब्रेंटने त्याच्याभोवती फळ्यांची सुबक पेटी ठोकली होती, वर झाकणसुद्धा.

"गॅस घे म्हणत होतो ना मी?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क आनंद होता. आईचा पाय आखडतोय आणि ह्याला आनंद. ग्लेनिसने त्याच्या तोंडाकडे बघणंच टाळलं.

१९. दुपार.

तिने फळ्यांच्या फटीत हात घातला. आत फ्रीजसारखा गारठा. यंत्र ऊब काढून घेतलेली थंड हवा बाहेर टाकत होतं आणि पेटीत कोंडलेली तीच हवा पुन्हा ओढत होतं. स्वतःचीच थुंकी गिळत बसलं होतं बिचारं.

ब्रेंटचा ड्रिल आणून तिने खुर्चीत बसल्या बसल्या एकेक स्क्रू काढला. चौथी फळी पडली तेव्हा तो धावत आला.

"मम! किती गलिच्छ दिसतंय ते!"

"तुझ्या मित्रांपेक्षा बरं दिसतंय. झाकण उचल. माझा हात पोचत नाही."

त्याने उचललं. तोंड वाकडं करून.

२३.

२७.

३०.

गुरुवारी सकाळी तिने ब्रेंटला चादर गुंडाळायला लावली, काठी कठड्याला टेकवली आणि पायऱ्या उतरली. पाणी कमरेपर्यंत आलं. पहिल्या दहा पावलांना खुबा करकरला, मग हळूहळू सैल पडला. अकरावं पाऊल तिने कशालाही न धरता टाकलं.

ब्रेंट कॉफीचा मग घेऊन काठावर आला. बोट बुडवून बघितलं.

"मस्त आहे गं! बरं झालं, आपण हीट पंपच घेतला."

आपण.

तिने त्याच्याकडे पाठ केली आणि पलीकडच्या टोकाकडे चालायला लागली.