धाकट्याचा हात

सलून दोन भावांचं होतं. थोरल्याला सगळे दादा म्हणत, आणि धाकटा चाळिशीला टेकला तरी धाकटाच राहिला. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि वाट पाहणाऱ्यांसाठी एक लांब बाक, एवढाच पसारा. दादा मुकाट्याने कात्री चालवायचा. धाकट्याची कात्री थांबली तरी तोंड थांबत नसे. तो नकला करायचा, गिऱ्हाइकाच्या टकलाची चौकशी घरच्या माणसासारखी करायचा, आणि दुपार कलली की प्यालेला असायचा.

ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नसे. हात थरथरू लागला की बाकावरून कुणीतरी ओरडे, "आज किती कान उतरवलेस रे?"

"कान फुकट उतरवतो, दाढीचे तेवढे द्या," असं म्हणून तो वस्तरा हवेत फिरवी आणि खुर्चीतला माणूस डोळे घट्ट मिटून हसे. गाल कापला तर तुरटी लावायची, वर एक विनोद ऐकवायचा, झालं. दारुड्या पण मनाचा साफ, असं त्याच्याबद्दल लोक म्हणत. मुलगी मात्र त्याला कुणी दिली नाही.

दारूच्या आधी सुई होती. ऐन तारुण्यात गोदामामागच्या टोळक्यात तो बसू लागला. हमाल होते, एक ट्रकवाला होता. अंगदुखीचं म्हणून कुठलं तरी इंजेक्शन तिथे मिळे आणि एकच सुई विडीसारखी हातोहात फिरे. टोळक्यातले दोघे तापाने गेले, असं सांगण्यात आलं. धाकटा घाबरला, सुई सोडली, बाटली धरली. आपण सुटलो असंच तो कितीतरी वर्षं समजत होता.

मग खोकला धरला तो काही केल्या जाईना. अंगावरचा शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा दिसू लागला तेव्हा दादानेच त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. निकाल सांगताना सिस्टरने दादाला बाहेर बसवलं आणि दार लोटून घेतलं, तेव्हाच धाकट्याला कळून चुकलं.

"एचआयव्ही आहे," सिस्टर म्हणाली. "पण गोळ्या आहेत. रोज घेतल्या तर तुम्ही म्हातारे व्हाल, माझ्यासारखे चिडके व्हाल, काही होत नाही. फक्त रोज म्हणजे रोज. आणि प्यालेल्या माणसाला रोज कळत नाही."

"मी न्हावी आहे, सिस्टर."

"मग? केस कापून कुणाला होत नाही हे. ब्लेड दर माणसाला नवं घ्या. ते सगळ्यांनीच घ्यायला हवं, तुम्ही वेगळं काही करत नाही."

दादाला त्याने त्याच दिवशी रस्त्यातच सांगून टाकलं. दादाने इकडेतिकडे पाहून त्याला कडेला ओढलं. मग म्हणाला, "घरात तुझ्या वहिनीला सांगू. बाहेर ब्र काढायचा नाही."

दारू सोडली तेव्हा धाकट्याचे फार हाल झाले. सलूनच्या वरच्याच खोल्यांत ते तिघं राहत. तो गादीवर पडून थडथड उडे, भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा उतरताना पाही आणि आईला हाका मारी. वहिनीने त्याच्या ओकाऱ्या काढल्या, चादरी बदलल्या. "भावोजी, एवढा घोट घ्या" असं म्हणत ती चमच्याने पेज पाजत राहिली. तिने नाक मुरडलं नाही, भांडं वेगळं ठेवलं नाही. दादा खालून वर येई, दारातून बघे आणि पुन्हा खाली जाई.

त्यातून तो उठला. गोळ्या लागू पडल्या, गालावर मांस आलं. एका सकाळी त्याने आरशासमोर स्वतःच्याच गालाला फेस लावला आणि एका दमात दाढी उतरवली. कुठे ओरखडा नाही. हात समोर धरून पाहिला. दगडासारखा स्थिर. त्याला हसू आलं, मग रडू आलं, आणि दादा आत येतोय असं पाहून त्याने घाईघाईने तोंड धुतलं.

गिऱ्हाइकांना त्याचं काय! "पूर्वीची मजा गेली राव तुझ्यात," असं एकदोघांनी बोलूनही दाखवलं. पण हात चांगला चालत होता, बाक भरलेला होता.

गोळ्या आणायला महिन्याच्या महिन्याला जावं लागे. अशाच एका फेरीत, एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या खिडकीसमोरच्या रांगेत, त्याला सिमेंटवाला शेठ दिसला. बाजारपेठेत सगळ्यात मोठं दुकान त्याचं. पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या, बोलणं गोड. दाढीला कायम धाकट्याच्याच खुर्चीत. आता डोक्याला रुमाल गुंडाळून तो भिंतीकडे तोंड करून उभा होता, पण ती मान धाकट्याने इतक्या वेळा वळवली होती की पाठीमागूनही ओळखू आली. शेठने वळून पाहिलं. दोघांची नजर भिडली. धाकट्यानेच आधी खाली पाहिलं. आपण काही पाहिलंच नाही, असं दाखवण्याएवढी माणुसकी त्याच्यात होती.

आठवडा उलटायच्या आत बाक रिकामा झाला.

आधी लोक म्हणू लागले, "मी दादाकडेच बसतो, मला घाई नाही." मग दादाकडेही बसेनात. शेजारचा शिंपी रोज सकाळी फुकट पेपर वाचायला यायचा. तो आता पेपर बाहेरच्या पायरीवर उभ्याने वाची आणि घडी दाराच्या कडीत खोचून जाई. रोजच्यातल्या एकाला धाकट्याने रस्त्यात हटकलं तेव्हा तो दोन पावलं मागे सरला. "तसं काही नाही रे. बायको ऐकत नाही. घरात लहान मुलं आहेत."

"मी प्यालेला असायचो तेव्हा तुझा गाल तीनदा कापला होता," धाकटा म्हणाला.

"ती गोष्ट वेगळी."

रात्रीच्या जेवणाला दादाने ताटाला हातही लावला नाही. "कुणाला बोललास?"

"कुणाला नाही."

"मग कळलं कसं? वाऱ्याने सांगितलं?"

धाकट्याच्या जिभेवर नाव आलं होतं. त्याने ते गिळलं आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो सिमेंटच्या दुकानात जाऊन उभा राहिला. शेठने त्याला पाहताच हमालांना मागच्या बाजूला पाठवलं. पोत्यांची धूळ उन्हात तरंगत होती.

"तुम्हीच ना?" धाकट्याने विचारलं.

शेठने नाकबूल केलं नाही. खुर्चीत तो एकदम लहान दिसू लागला. "तू बोलला असतास."

"मी नसतो बोललो."

"ते मला काय ठाऊक? दिवसभर तोंड चालू असतं तुझं. अख्ख्या बाजाराच्या भानगडी तुझ्या खुर्चीत कळतात. माझ्या पोरीचं लग्न ठरलंय. मी आधी बोललो नसतो तर तू बोलला असतास."

"आणि आता मी बोललो तर?"

"बोल की." शेठच्या आवाजात धाक नव्हता, आणि तेच वाईट होतं. "रोगी माणूस चिडून दुसऱ्यावर चिखल उडवतो, असं म्हणतील. तुझं कोण ऐकणार, सांग ना तूच."

धाकटा परत फिरला. निघताना एवढंच म्हणाला, "घरी सांगा. बाईंचं रक्त तपासून घ्या." शेठ ड्रॉवर उघडून उगाच आत बघत राहिला.

सलून ओस पडलं. दादा सकाळी शटर वर करी, दोन्ही खुर्च्या पुसी, आरसा पुसी आणि आरशात रस्त्याकडे बघत बसे. धाकटा म्हणाला, "मी दुसरीकडे जातो. कुठेतरी काम बघतो."

"आता जाऊन काय उपयोग? तू गेलास तर सगळ्यांना पक्कंच वाटेल."

मग एका संध्याकाळी दादा वर आला. त्याने पिशवीतून बाटली काढली आणि धाकट्यापुढे ठेवली. वहिनी चुलीपाशी होती, ती वळलीच नाही. म्हणजे तिला आधीच माहीत होतं.

"हे काय?"

"मी सांगितलंय लोकांना," दादा भराभर बोलत होता, पाठ केल्यासारखं. "की दारूने त्याचं लिव्हर गेलंय, म्हणून दवाखाना. गोळ्याही त्याच्याच. काहींना पटलंय. पण म्हणतात, मग हल्ली पिताना का दिसत नाही? एवढा सुधारला कशाने? तू दिसायला हवास, एवढंच. पूर्वीसारखा. नुसती चूळ भर, शर्टावर ओत, थोड्या झोकांड्या खात चाल. पिऊ नकोस."

"दादा, मी ती कशी सोडली ते तू बघितलंस."

"बघितलं म्हणून तर सांगतोय, पिऊ नकोस!" दादा ओरडला आणि मग त्याचा आवाज बसला. "दारुडा भाऊ चालतो रे लोकांना. हा रोग नाही चालत. मी काय करू?"

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही तरी बोला."

"भावोजी," ती चुलीकडेच बघत म्हणाली, "दुकान गेलं तर तिघंही गेलो."

पहिल्या दिवशी त्याने खरोखरच चूळ भरून थुंकून टाकली. शर्टावर शिंपडली, दारात अडखळला, शिंप्याला डोळा मारला. शिंप्याने हुंगलं आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जणू परदेशी गेलेलं माणूस घरी परत आलं. "आला रे आला, आमचा धाकट्या आला!" पाच-सहा दिवसांनी बाकावर दोन माणसं बसली. तोंडात घेतलेली प्रत्येक चूळ थुंकणं म्हणजे काय असतं ते फक्त धाकट्याला माहीत. कधी एक घोट घशाखाली उतरला ते त्याने दादाला सांगितलं नाही. दादानेही विचारलं नाही. बाटली संपली की दुसरी येई.

सोंगातल्या झोकांड्या खऱ्या झाल्या. बाक भरला. लोक हसू लागले, मान पुढे करू लागले. त्याचा हात जसजसा थरथरायला लागला तसतसा लोकांचा जीव भांड्यात पडू लागला.

आणि एके दिवशी शेठ आला. सगळ्यांच्या देखत हसत धाकट्याच्या खुर्चीत बसला. "माझंच चुकलं बरं का मंडळी," तो बाकाकडे वळून म्हणाला. "हा लिव्हरच्याच रांगेत उभा होता. मी आपला दुसऱ्या कुणाला तरी बघायला गेलो होतो, उगाच गैरसमज करून घेतला. चल धाकट्या, लाव फेस."

धाकट्याने नवं ब्लेड लावलं. कितीही प्यालेला असला तरी ते तो विसरत नसे. आरशात दोघांचे चेहरे वरखाली दिसत होते. वस्तरा हनुवटीखाली आला तेव्हा हात हलला आणि फेसात लाल रेघ उमटली. बाकावर एकच हशा पिकला. "शेठ, आज कान सांभाळा!"

शेठही हसला. त्या दुकानात दोघांनाच ठाऊक होतं की एकमेकांच्या रक्ताला घाबरण्यासारखं त्यांच्यात काही उरलं नव्हतं. धाकट्याने तुरटी लावली, वाकून अगदी हळू विचारलं, "घरी सांगितलंत?"

शेठ आरशातल्या स्वतःकडे बघत राहिला. "लग्न होऊ दे," ओठ न हलवता तो म्हणाला.

गोळ्या कधी चुकल्या, कधी दोनदा घेतल्या गेल्या, कधी डबी कुठे ठेवली तेच आठवेना. एका महिन्यात तो दवाखान्यात गेलाच नाही, कारण तोंडाला दारूचा वास घेऊन सिस्टरसमोर उभं राहायची त्याला लाज वाटली. पुढच्या महिन्यात ती लाज आणखी वाढली. खोकला परत आला, ताप आला, आणि सलूनमध्येच गिऱ्हाइकाच्या मानेवर हात ठेवून तो खाली बसला तो उठलाच नाही. लोकांनीच उचलून त्याला रिक्षात घातलं. कुणी मागे सरलं नाही. दारूनेच झालं, हे आता सगळ्यांना पटलेलं होतं.

वॉर्डात सिस्टर त्याला बघायला आली. कागद चाळले, त्याच्याकडे पाहिलं. "इतकं चांगलं चाललं होतं तुमचं. का प्यालात?"

"धंद्यासाठी," तो म्हणाला. तिला ती थट्टा वाटली आणि तिचा चेहरा कठीण झाला. समजावून सांगण्याइतका श्वास त्याच्याकडे नव्हता.

दादा रोज येई. पलंगाच्या पायथ्याशी उभा राही. "गर्दी असते," तो सांगे. "तुझी चौकशी करतात सगळे. शेठने तर फळं पाठवलीत." एकदा जाता जाता त्याने धाकट्याच्या पायावरचं पांघरूण नीट केलं, आणि हात तिथेच राहिला. "मी नुसती चूळ भर म्हटलं होतं रे," दादा म्हणाला.

"हो दादा. तू तसंच म्हणाला होतास."

दादा गेल्यावर शेजारच्या पलंगावरच्या माणसाने कूस बदलली. नवा होता, पाय मोडून आलेला, गप्पिष्ट. दिवसभर संधीच शोधत होता. "काय झालंय हो तुम्हाला?" ताटलीतली फळाची फोड उचलता उचलता त्याने विचारलं.

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं. आता दुकान नव्हतं, आरसा नव्हता, बाक नव्हता. खरं सांगायला कुणाची आडकाठी नव्हती. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात त्या माणसाच्या डोळ्यांत आणि त्याने मध्येच थांबवलेल्या हातात त्याला काहीतरी दिसलं.

"दारू," धाकटा म्हणाला.

"हात् तेरीकी, एवढंच ना!" माणसाने श्वास सोडला आणि तो पलंगाच्या कडेला सरकून आपल्या ताटलीतली फोड पुढे करत म्हणाला, "घ्या. मीही मारतो अधूनमधून."