थोरलीची ट्रॉली, धाकटीचे पोहे

कोपर आत घ्या! पाय पण. आणि ते झोपलेले काका, गुडघा शाबूत हवा असेल तर डोळे उघडा. मी विमानातली ट्रॉली बोलतेय.

माझा जन्म साकीनाक्याच्या एका गाळ्यात झाला. गुणाजी नावाच्या कारागिरानं पत्रा ठोकून मला घडवलं, चाकं लावली आणि ती रोखायला एक लाल पेडल दिलं. ते दाबलं की मी जागच्या जागी उभी. पुढे हे पेडल माझ्या मर्जीनं वागू लागलं, त्यात गुणाजीचा काही दोष नाही. स्वभाव ज्याचा त्याचा असतो.

सुरुवातीला मी एका बड्या विमान कंपनीत होते. काय थाट होता माझा! अंगावर पांढरं कापड, पोटात गरम जेवण, डोक्यावर काचेचे पेले. सगळं तिकिटातच आलेलं, त्यामुळे पैशाचं नाव काढायचं नाही. लोक आधी ऐटीत "नो, थँक्यू" म्हणायचे आणि मी दोन रांगा पुढे गेले की हळूच हात वर करायचे.

मग स्वस्त विमानांचं पेव फुटलं. आमचं गिऱ्हाईक तिकडे पळू लागलं, तशा अंधेरीच्या कचेरीत बैठकांवर बैठका झाल्या. "लोकांना दुसऱ्याच्या स्वस्त विमानात जाऊ देण्यापेक्षा आपल्याच स्वस्त विमानात बसवू," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. अशी आमची उपकंपनी जन्माला आली. आडनाव तेच, रंग तोच, फक्त पाय ठेवायला जागा कमी. आम्ही सामानसुमान तिला धाकटी म्हणू लागलो आणि जुनीला थोरली. आता धाकटीच्या वाट्याला काय येतं, हे घरोघरच्या धाकट्यांना सांगायला नको. थोरलीची वापरलेली विमानं, थोरलीच्या उसवलेल्या खुर्च्या आणि थोरलीची जुनी ट्रॉली, म्हणजे मी!

कापड गेलं, पेले गेले. पोटात आले कागदी डब्यातले पोहे. गरम पाणी ओतायचं, झाकण लावायचं, विकायचं. नियम एकच: एकदा विचारा आणि पुढे सरका.

पण सगळी गोची त्या आडनावानं केली. लोक भाडं धाकटीचं देतात आणि पाहुणचार थोरलीचा मागतात. मुलुंडचे भाऊच घ्या. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे त्यांचा, वर्षानुवर्षं थोरलीच्या पुढच्या रांगेत बसायचे. धाकटी आली आणि भाऊ टुणकन इकडे. वर शेजारच्याला सांगतात, "उपकंपनी म्हणजे काय, माहितीये ना? उपवासाची कंपनी!" नावं ठेवतात, पण येतात इकडेच. थोरलीचं गिऱ्हाईक परक्यानं नाही, घरातल्याच पोरीनं पळवलं.

म्हणून अंधेरीत पुन्हा बैठका सुरू झाल्या. धाकटी ठेवायची की गुंडाळायची?

याचा धसका श्रुतिकानं घेतला होता. श्रुतिका म्हणजे मला ढकलणारी पोरगी, राहणार वाकोला. आईवडील कोकणातले. धाकटी निघाली म्हणूनच तिला ही नोकरी लागली होती. "बंद झाली तर आपली वाट लागली, यार," ती तिच्या कामातल्या जोडीदाराला, आकाशला म्हणाली. "नवीन पोरांना आधी काढणार."

"मग आज नियमानं चाल ना," आकाश म्हणाला. "हेड ऑफिसची माणसं म्हणे गुपचूप विमानात बसतात."

त्या दिवशी आम्ही गोव्याला निघालो होतो. मधल्या रांगेत साधा कुर्ता घातलेली एक बाई बसली होती. श्रुतिकानं तिला ओळखलं नाही. मी ओळखलं. थोरलीत असताना ती माझं झाकण उघडून बोट फिरवायची, धूळ सापडते का बघायला. रेवती मॅडम! धाकटीचा निकाल हिच्याच हातात होता. तिच्या पुढच्या रांगेत भाऊ होते, आणि पलीकडे धाकू आणि शेवंती हे नवराबायको. धाकू गिरणीतून निवृत्त झालेला. दोघं आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसली होती, गोव्यात उतरून पुढे सावंतवाडीला जाणार होती. शेवंतीनं पट्टा इतका घट्ट ओढला होता की तिला श्वास घेणं मुश्कील झालं होतं.

"मावशी, पोहे देऊ?" श्रुतिकानं विचारलं.

"नको गो," शेवंती म्हणाली. डोळे मात्र पोह्यांवरच.

आता तुम्ही मराठी माणसं आहात. तुमच्याकडे पहिला नको धरायचा नसतो, दुसराही नाही. तिसऱ्यांदा कुणी म्हटलं की मग, "बरं, थोडंसंच हं." पण नियम म्हणत होता, पुढे सरक. श्रुतिकानं मला ढकललं. मी कशाला हलतेय! लाल पेडल खाली, मी गच्च उभी.

श्रुतिका घामाघूम. पेडलवर पाय आपटतेय, मी ढिम्म. मावशीसमोर नुसतं उभं तरी कसं राहायचं? तोंडातून आपसूक निघालं, "घ्या हो मावशी, गरम आहेत."

"नको, नको."

"थोडेसेच. माझ्यासाठी."

"बरा, तू इतक्या म्हणतंस तर दी."

शेवंतीनं पोहे चाटूनपुसून खाल्ले. मग श्रुतिकानं चाचरत पैसे मागितले. शेवंतीनं रिकामा डबा खाली ठेवला.

"गे बाय," ती अख्ख्या विमानाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आग्रह करून खावक घातलंस, आणि आता पैशे मागतंस?"

विमान खदाखदा हसलं. भाऊ तर पट्ट्यासकट उडाले. श्रुतिकाचा चेहरा एवढासा झाला. मलाही क्षणभर वाटलं, आपली गंमत पोरीच्या नोकरीवर येतेय की काय.

"ह्या विमान आसा, तुझ्या भयणीचा घर न्हय!" धाकूनं बायकोला दटावलं आणि हसत पैसे काढून दिले. शेवंतीनं मग पिशवीतून बेसनाचा लाडू काढला आणि श्रुतिकाच्या हातात कोंबला. "मी पैशे घेवचंय नाय. खा."

रेवती मॅडम पुढे वाकल्या. "भाऊ, ही कंपनी नसती तर कशानं गेला असतात?"

"मोठीनं गेलो असतो. दुसरं काय?"

"आणि मावशी, तुम्ही?"

"आमी?" शेवंती हसली. "यष्टीन गेलो असतो."

मॅडमनी वही काढली आणि दोन रकाने आखले: एकात भाऊ, दुसऱ्यात मावशी.

गोव्यात सगळे उतरू लागले, मॅडम मात्र थांबल्या. "मी हेड ऑफिसची रेवती," त्या श्रुतिकाला म्हणाल्या.

"मॅडम, तो ब्रेक अडकला होता, शप्पथ!"

"अगं, घाबरू नकोस. इथलं काय होईल सांगता येत नाही. तू थोरल्या कंपनीत ये."

"नको, मॅडम."

मॅडम हसल्या. घरची रीत त्यांनाही ठाऊक होती. "पगार जास्त आहे. परदेशी फेऱ्या मिळतील."

"नको."

"आणि उद्या इथे कुलूप लागलं तर?"

श्रुतिकानं दाराबाहेर पाहिलं. शेवंती शिडीवर मध्येच उभी होती आणि मागचे सगळे खोळंबले तरी धाकूला फोटो काढायला लावत होती. श्रुतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लागलं तर लागलं. माझ्या घरची माणसं या विमानात चढतात, मॅडम. त्या मोठ्या विमानात मी त्यांना कुठे शोधू? नको."

तिसऱ्यांदाही नकोच. मॅडमचं हसू थांबलं. हा नको खरा होता.

पुढच्या महिन्यात निकाल लागला. दोघी बहिणींनी चुली वेगळ्या केल्या. दिल्ली, बंगळूर थोरलीनं परत घेतलं, गोवा आणि लहानसहान गावं धाकटीकडे राहिली. एका अंगणात दोन दुकानं मांडायची नाहीत, असं ठरलं. आता दिल्लीला जाताना भाऊ पुन्हा थोरलीत बसतात आणि कुरकुरतात. कुरकुर त्यांना दोन्हीकडे फुकट आहे.

मी इथेच आहे. अंगाला पोचे आलेत, चाकं कुईकुई करतात. एवढंच मागणं आहे: आमच्याकडे या, पोटभर नावं ठेवा, पण त्या पोरीला "मोठ्या कंपनीत का नाही जात?" असं विचारू नका. तिच्या हातात कढत चहा असतो, आणि धक्का द्यायला मी असते.