रेघेखालची ऐपत

बांधावरच्या आंब्याच्या बुंध्यावर चुन्याची एक रेघ होती. दोन बोटं रुंद, माझ्या खांद्याच्या उंचीवर. वरच्या टेकाडावरच्या हिरड्याच्या झाडाला तीच रेघ घोट्याशी येई, आणि ओढ्याकाठच्या उंबराला ती नव्हतीच, कारण त्याच्या शेंड्याच्याही वर कुठेतरी हवेत ती असणार. धरण पुरं झालं की पाणी इथवर चढेल, हे दाखवायला धरण बांधणाऱ्या कंपनीच्या मोजणीदारांनी ती ओढली होती. आमचं घर, खळं आणि सगळी भातखाचरं रेघेच्या खाली होती. रेघेच्या वर आमचं होतं ते गवत.

मला विलायतेतल्या एका विद्यापीठानं भातावरच्या रोगांचा अभ्यास करायला जागा दिली होती. बोटीचं भाडं आणि फी मुंबईचा एक निधी देणार होता. राहण्याजेवण्याचा खर्च सोसण्याची घरच्यांची ऐपत आहे, असा सरकारी दाखला तेवढा हवा होता. त्याशिवाय पासपोर्ट नाही. पावसाळ्याआधी दाखला पोचला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. माझे वडील, आबा, सधन शेतकरी. दाखला एका खेपेत मिळेल अशी माझी समजूत होती.

पहिल्या खेपेला कचेरीतल्या कारकुनानं आबांना विचारलं, "वार्षिक उत्पन्न?"

"आंबेमोहोर धा खंडी," आबा ऐटीत म्हणाले. "नाचणी-वरी निराळी."

"रुपयांत सांगा."

"रुपयांत कशापायी? इकायचा थोडाच हाय? खायाचा हाय."

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. मी बाजारभावानं हिशेब करून आकडा सांगितला. तो म्हणाला, "उत्पन्न तुम्ही सांगून चालत नाही, बाई. जमिनीचा उतारा आणा."

दुसऱ्या खेपेला उतारा नेला. त्यानं तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत दिला.

"ही जमीन धरणात जाते आहे. ही ऐपत म्हणून धरता येत नाही."

"मग तिचा मोबदला धरा," मी म्हणाले.

"उचललाय?"

"नाही."

"मग तो तुमचा कसा?"

"जमीन आमची नाही, मोबदलाही आमचा नाही. मग या घटकेला आमचं आहे तरी काय?"

"ते अर्जदारानं सिद्ध करायचं," कारकून म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मोबदला उचलला नव्हता याचं कारण साऱ्या खोऱ्याला ठाऊक होतं. धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला तेव्हा देवळात घरटी एक पुरुष बोलावला होता. प्रत्येकानं बेल-भंडारा उचलून शपथ घेतली होती की कंपनीच्या पैशाला हात लावणार नाही. पहिला हात आमच्या आबांचा. जो ही शपथ मोडेल त्याच्या लावणीला कुणी येणार नव्हतं, त्याच्या पंगतीला कुणी बसणार नव्हतं. माझे आबा, गेणबा, पंगतीत वाढायला सगळ्यात पुढे असणारा माणूस.

परत येताना गाडीत मी विचारलं, "आबा, काय करायचं?"

"बघू."

त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी विद्यापीठाला तसं कळवलं असतं आणि पुण्यात एखाद्या शाळेत नोकरी धरली असती. हो म्हटलं असतं तर गावात तोंड दाखवायची तयारी केली असती. 'बघू'चं काय करायचं ते मला कुठल्याच वर्गात शिकवलं नव्हतं. जेवताना बघू, बैलांना वैरण टाकताना बघू. आई भाकरी थापता थापता विचारी, "तुमी काय ठरीवलं?" आबा भाकरीकडे पाहून म्हणत, "बघू." मग आई माझ्याकडे वळे. "तितं थंडी लई असती का गं, हौसा? भात मिळतो का?" जणू बोट दारातच लागली होती. मला तिचाही राग येई.

तिसऱ्या खेपेला कारकुनाला नवं काही सापडलं. "यातली पाच खाचरं रंभाबाईच्या नावावर आहेत. सगळे खातेदार हजर करा."

रंभाबाई म्हणजे आई. तिच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याची खाचरं तिच्याकडे आली होती. घरात मात्र सगळे 'आबांची खाचरं' म्हणत. आईसुद्धा.

म्हणून चौथ्या खेपेला आईही गाडीत बसली. तिच्या पाठोपाठ कुशाबा चढले. ते आमचे शेजारी आणि सत्याग्रहाचे स्वयंसेवक. कचेरीत कोण पैसे उचलतं यावर त्यांची नजर असे.

"लेकीला बोटीत बसवाया गाव पान्यात घालतूस व्हय, गेणबा?"

आई म्हणाली, "गाव पान्यात घालाया कंपनी बसलीया, भावजी. तिला इचारा. ह्यांस्नी कशाला टोचताया?"

"म्या आपलं सहज म्हनलं, वैनी."

"सहज म्हनायला गाडीत बसून आलासा?"

कारकुनानं आम्हाला पाहून सुस्कारा सोडला. मग पुन्हा तेच सगळं सांगितलं: जमीन धरता येत नाही, मोबदल्याची पावती दाखवा, दाखला लगेच देतो. "मलाही हे रोज सांगायचा कंटाळा आलाय, गेणबा. घेणार की नाही, एकदा काय ते बोला."

आबांनी मुंडासं काढलं, मांडीवर ठेवलं, पुन्हा डोक्यावर चढवलं.

"बघू," ते म्हणाले.

कारकुनानं दौतीला बूच लावलं. मी कागद गोळा करू लागले.

खांबाशी उभी असलेली आई पदर सावरून पुढे आली.

"सायेब, त्या पाच खाचरांवर अंगठा कुनाचा लागतो?"

"तुमचा."

"ह्यांचा न्हाई?"

"त्यांचा त्यांच्या जमिनीवर."

"रंभे," आबा हलकेच म्हणाले, "आपली शपत हाय."

"तुमची हाय. आमाला देवळात कुनी बोलावलंवतं? आमी बाया भाईर पारावर हुब्या व्हतो. भंडारा आमच्या हाताला लागला न्हाई."

"वैनी, गाव वाळीत टाकंल," कुशाबा म्हणाले. या खेपेला त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

"टाकू द्या. लावनीला म्या एकटी वाकंन."

आबा तिच्याकडे बघत राहिले. कारकुनानं दौतीचं बूच पुन्हा काढलं. आईनं हाताचा अंगठा लुगड्याला पुसला, मेजावर ठेवला आणि म्हणाली,

"माज्या खाचरांचं पैसं म्या उचलनार."