काचेचं झाकण

"बंब आहे हा," सुहासिनी म्हणाली. "सरळ सरळ बंब. आमच्या मिरजेच्या घरी होता तसला. तो तांब्याचा होता, हा स्टीलचा, एवढाच फरक."

फोनच्या पडद्यावर रोहन हसला. जगाच्या दुसऱ्या टोकाला डनेडिनमध्ये रात्र बरीच झाली होती, आणि इकडे अरबी मुलखातल्या हाइलला शुक्रवारची दुपार होती. सुहासिनीचा सुट्टीचा वार. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ती मेथी निवडत बसली होती.

"आई, बंबात पंप नसतो. हे ऑल-इन-वन आहे. खाली हीटर, मध्ये जाळीची टोपली, बाजूला पंप. मोड आणून वाळवलेले जव भरडायचे, टोपलीत घालायचे, कोमट पाण्यात तासभर मुरवायचे. मग टोपली वर उचलायची आणि खालचं पाणी उकळायचं. वेगवेगळी तीन पातेली घेण्यापेक्षा सगळं एकातच. बियर करण्यासाठी..."

"हळू बोल! नाव घेऊ नकोस फोनवर."

"कोण ऐकतंय, आई?"

"मी ऐकतेय ना. पुरे आहे."

रोहन बायको अवंतीसह डनेडिनला राहायचा आणि तिथल्या एका दूध प्रक्रिया कारखान्यात नोकरी करत होता. शनिवारी मित्राच्या गॅरेजमध्ये बियर करायला जायचा, आणि आता त्याला स्वतःचं पहिलं यंत्र घ्यायचं होतं. इथवर ठीक होतं. पण निवड त्याने आईवर टाकली होती. तीन यंत्रांच्या लिंका पाठवल्या होत्या. सुहासिनीने त्या बघितल्या होत्या, आणि कोणी दारावर उभं असल्यासारख्या घाईघाईने पुसूनही टाकल्या होत्या.

"मला काय कळतं त्यातलं? तुझं तू घे. अवंतीला विचार."

"अवंतीला चालतंय. पण तीन महिन्यांनी तू इथे राहायला येणार. तुला न विचारता घरात आणणार नाही."

सुहासिनीने मेथीची जुडी खाली ठेवली. "मग ऐक. एकतर तो बंब आण, नाहीतर मला आण. दोन्ही एका घरात नकोत. मी मिरजेला जाऊन राहीन."

"मिरजेत कोण आहे आता?" रोहन म्हणाला. त्याला ते असं म्हणायचं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण बोलून झालं होतं. सुहासिनीने फोन बंद केला आणि निवडलेली मेथी पुन्हा निवडायला घेतली.

मिरजेत खरोखर कोणी नव्हतं. बंद असलेला एक फ्लॅट होता आणि जिन्यात दिवा लावणारी एक शेजारीण होती.

एके काळी श्यामकांत होता. सुहासिनीचा नवरा स्वभावाने लोण्यासारखा मऊ. मुलावर हात उगारला नाही, बायकोला उलटून बोलला नाही. नुसता प्यायचा. संध्याकाळी दुकानावरून येताना वाट वाकडी करायचा. शपथा घ्यायचा, मनापासून घ्यायचा आणि मनापासून मोडायचा. तेव्हा सुहासिनीने नकाशावर असा देश शोधला, जिथे वाट वाकडी करायला दुकानच नाही. बाकीच्या नर्सेस रियालसाठी आल्या. ही नवऱ्याला कोरडा ठेवायला आली, आणि पुढे त्याला आणि रोहनला इकडे आणून तिने आपलं म्हणणं खरं करून दाखवलं.

आणि तो राहिला कोरडा. शेतीच्या पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या एका माणसाकडे स्टोअरकीपर म्हणून लागला. त्याचं वजन वाढलं, रंग उजळला. सकाळी सुहासिनी ड्यूटीला निघायच्या गडबडीत असायची. वरणभाताचा कुकर गॅसवर चढवून अंघोळीला जायची आणि आतूनच ओरडायची, "तीन झाल्या हो, गॅस बंद करा!" तो पेपर बाजूला ठेवून उठायचा आणि गॅस बंद करायचा. घरातलं त्याचं काम एवढंच, पण ते त्याने कधी चुकवलं नाही. तिच्या आयुष्यातली सुखाची वर्षं म्हणजे ती तेवढीच.

मग बायको नाइट ड्यूटीला असताना त्याच कुकरची शिट्टी काढून, तिथे नळी बसवून घरी दारू गाळता येते, हे त्याला कोणीतरी शिकवलं. बाथरूममध्ये उलट्या घमेल्याखाली एक बादली आंबत असायची. घराला वास येतो म्हणून सुहासिनी फिनेल वाढवत गेली. नर्सबाई, दुसऱ्यांच्या रक्तातलं पाणी मोजणारी, आणि स्वतःच्या बाथरूममधली बादली तिला दिसली नाही! दिसली नाही की बघितली नाही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पोलीस आले तेव्हा रोहन चौथीत होता. बादली गेली, नळी गेली, कुकरही पुरावा म्हणून गेला. श्यामकांत काही महिने आत होता, मग डिपोर्ट झाला. मेट्रनबाईंनी शब्द टाकला म्हणून हिची नोकरी राहिली. मिरजेला जाऊन त्याने पुन्हा वाट वाकडी केली आणि चार पावसाळे काढून तो गेला.

स्वयंपाकघरात मागे राहिली ती नुसती शिट्टी. नळी बसवण्यासाठी त्याने ती काढून ठेवली होती आणि पोलिसांच्या नजरेतून सुटली होती. सुहासिनीने ती चमच्यांच्या खणात टाकली. नवा कुकर मात्र तिने घेतला नाही. डाळ भिजवून पातेल्यात शिजवायची. "कुकर का नाही हो तुमच्याकडे?" असं कोणी विचारलं की म्हणायची, "पातेल्यातल्या वरणाची चव वेगळी लागते." लोकांना ते पटायचं. रोहनने तर कधी विचारलंच नाही.

रविवारी डायलिसिस युनिटमध्ये सकाळचे पेशंट उठून गेले होते आणि मशीन धुवायला लावली होती. सुहासिनीला गप्प बघून इस्मत जवळ आली. इस्मत हैदराबादची, वयाने लहान, जीभ मात्र कोणासाठीही न थांबणारी.

"क्या हुआ दीदी? खुरूज का कागज आ गया क्या, मुल्क छोड़ने का? रो रे क्या जाने के वास्ते?"

सुहासिनीने तिला सांगितलं. श्यामकांतबद्दल इस्मतला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत हॉस्पिटलमध्ये कोणाला ठाऊक नव्हतं?

इस्मतने सगळं ऐकून घेतलं. "मैं तो बोलती पीना हराम है, वो अलग बात। पर दीदी, लड़का पूछ रा ना तुमको? साब ने पूछे थे क्या?"

"नहीं," सुहासिनी म्हणाली.

"तो फिर दोनों एक कैसे हुए?"

सुहासिनीला राग आला. कालच्या पोरीने आपल्याला शिकवावं! पण तो राग फार टिकला नाही. दुपारी जेवायच्या सुट्टीत तिने रोहनला निरोप पाठवला, लिंका परत पाठव.

पुसलेल्या लिंका परत आल्या. या खेपेला ती नर्सच्या डोळ्यांनी बघत होती. पहिलं यंत्र स्वस्त होतं, त्याला पंप नव्हता. तिसरं फोनवरून चालायचं, गाद्यागिरद्यांवर बसवावं असं देखणं. मधल्याला साधी बटणं होती आणि झाकण काचेचं. तिने फोटो मोठे करून तळ बघितला, नळ बघितला, नळी कुठून निघून कुठे जाते ते बघितलं. रविवार सरला, सोमवार सरला, आणि आपण रुसलो आहोत हे तिच्या अधूनमधूनच ध्यानात येऊ लागलं.

पुढच्या शुक्रवारी फोन तिनेच लावला.

"तुझ्या त्या तिसऱ्या बंबात नळ तळापेक्षा वर आहे. म्हणजे धुतल्यावर खाली पाणी राहणार. आमच्याकडे मशीनच्या पोटात पाणी राहिलं की पेशंटला थंडी वाजून ताप भरतो. ते घेऊ नकोस."

रोहनने लिंक उघडून नळ बघितला. मग सावरून म्हणाला, "ओके. मग पहिलं?"

"पहिल्याला पंप नाही. ते गरम पाणी तांब्या तांब्याने वरून ओतत बसणार, भाजून घेणार. आणि मला सांग, आंबवणार कशात?"

तिचा आवाज जरा चिरका निघाला. रोहनला कळलं.

"वेगळ्या डब्यात. पारदर्शक मिळतो. आणि एकटा बसून पीत नाही गं मी. शनिवारी मित्र असतात, दोन ग्लास, मग जेवण. अवंतीला विचार."

"तुझे बाबाही गोडच बोलायचे."

"माहितीये." रोहनने खाली बघितलं. "आई, कुकर का नाही हे मी कधी विचारलं नाही. मला माहीत होतं म्हणून नाही विचारलं. पुण्याला होस्टेलवर गेलो, तर शेजारच्या बिल्डिंगमधून सकाळी शिट्ट्या ऐकू यायच्या. एक, दोन, तीन. मी पांघरूण डोक्यावर घ्यायचो."

सुहासिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिने पुसलं नाही. इतकी वर्षं एका घरात दोघांनी एकाच गोष्टीवर झाकण ठेवलं होतं, आणि दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याला आतलं काही ठाऊक नाही.

"मला घरात काही लपवायचं नाहीये," रोहन म्हणाला. "म्हणून तुला विचारलं. तू नको म्हणालीस तर नको. खरंच नको. तू ये फक्त."

"मधला घे," सुहासिनी म्हणाली.

"काय?"

"मधला. काचेच्या झाकणाचा. आत काय चाललंय ते बाहेरून दिसलं पाहिजे. आणि ठेवणार कुठे?"

"गॅरेजमध्ये. अवंती म्हणते उकळताना घरभर वास येतो."

"गॅरेजमध्ये नाही. स्वयंपाकघरात ठेवायचा, माझ्यासमोर. वास आला तर येऊ दे. अवंतीशी मी बोलते."

"आई, तू येतेयस ना पण?"

"बंब धुवायला कोणीतरी लागेल ना?" ती म्हणाली. तिचा रुसवा असाच उतरायचा, कामातून.

संध्याकाळी ती इस्मतला घेऊन बाजारात गेली. भारतीय सामानाच्या दुकानात वरच्या फळीवर कुकर होते. तिने लहानसा, एका माणसापुरता मागितला.

"अब जाते-जाते कुकर?" इस्मत कपाळावर हात मारून म्हणाली. "सामान कम करना है कि बढ़ाना है, दीदी?"

"तीन महीने दाल तो खानी है ना?" सुहासिनी म्हणाली.

घरी येऊन तिने कुकर घासला, डाळ धुतली, हळद-हिंग घातला. चमच्यांचा खण ओढून जुनी शिट्टी काढली आणि नव्या झाकणावर बसवून बघितली. ती बसली नाही. कंपनी वेगळी, भोक वेगळं. बसणार नाही हे तिला दुकानातच कळलं होतं. तिने नवी शिट्टी लावली, जुनी गॅसशेजारी ओट्यावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसली.

पहिली शिट्टी झाली तेव्हा ती दचकली. दुसरीला नाही. तिसरी झाली तशी मान न वळवता, रोजच्यासारखी ती म्हणाली, "तीन झाल्या हो."

ती थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग उठली आणि तिने गॅस बंद केला.