दानम्माच्या घरातला वास

दुपारच्या चहाला सगळे समोरच्या टपरीवर गेले की गोदामात उमाशंकर एकटाच उरायचा. नांदेडला एका बियाणे कंपनीच्या गोदामावर तो इन्चार्ज होता. चहूकडे सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या, वर तापलेला पत्रा, आणि जाळीच्या खिडकीतून दिसणाऱ्या, टपरीभोवती घोळका करून उभ्या माणसांच्या पाठी. आत्ताआत्तापर्यंत त्या घोळक्यात तोही असायचा. अमरेश सिगरेट पेटवायचा, त्याच काडीवर उमाशंकर आपली पेटवायचा, आणि बाजारभावापासून पोरांच्या मार्कांपर्यंत सगळं बोलणं त्या धुरात व्हायचं. त्यानं सिगरेट सोडली तेव्हा सुरुवातीला अमरेश हाक मारायचा, "उमाभाऊ, चहा तर घ्या की!" उमाशंकर गेलाही. पण धुराजवळ उभं राहवेना आणि लांब उभं राहून बोलता येईना. मग तो जाईनासा झाला आणि हाकही येईनाशी झाली. त्यात दोष कुणाचाच नव्हता.

घर म्हणावं तर ते लातूरला होतं. मुलगी अक्षरा बारावीला, डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला. त्यामुळं उमाशंकरची बदली झाली तेव्हा ती आणि तिची आई शिवकन्या तिथंच राहिल्या, आणि हा तरोडा नाक्याजवळ एका खोलीत आला. जमेल त्या रविवारी लातूरला जायचा. अशाच एका रविवारी अक्षराची पुस्तकं क्लासच्या वरच्या मजल्यावर पोचवताना तो मधल्याच पायरीवर मटकन बसला. छाती भात्यासारखी चालली होती. अक्षरा काही बोलली नाही. तिनं त्याच्या हातातली पुस्तकं घेतली आणि शेजारी बसून राहिली. वर तास सुरू झाला तरी उठली नाही. तिच्या त्या गप्प बसण्यानं उमाशंकर हलला, तेवढा पुढं डॉक्टरच्या बोलण्यानं हलला नाही.

डॉक्टरनं त्याला लातूरच्याच एका धर्मादाय दवाखान्यात पाठवलं. तिथं रविवारी सकाळी विडी-सिगरेट सोडू बघणारी माणसं गोल करून बसायची. कुणी नखं कुरतडतंय, कुणी बडीशेप चघळतंय, कुणाचा पाय सारखा हलतोय. तिथल्या मॅडमनी जोड्या लावून दिल्या. दोघांनी एकमेकांचा नंबर घ्यायचा. तलफ आली की आधी फोन करायचा, मग जे करायचं ते. उमाशंकरच्या वाट्याला दानम्मा आली.

साठी उलटलेली बाई, कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर इरकल लुगडं. गंजगोलाईच्या मागं राहायची. नवरा रेवणप्पा, दोरखंडाचा दुकानदार, वर्षापूर्वी वारला होता, मुलगा हैदराबादला.

"तुमी काय ओढता?" उमाशंकरनं जरा चाचरतच विचारलं.

"विडी. बघतोस काय असा? लगीन झाल्यापासून चुलीवर विडी पेटवून मीच द्यायची त्यायला. पेटवताना पहिला झुरका माझा. तसंच लागलं."

"आन् ते..."

"लिंगैक्य झाले. विडीनंच." एवढं बोलून तिनं आपला जुना मोबाइल त्याच्यापुढं धरला. "तुझा नंबर तूच घाल. मला ते बारीक दिसत न्हाई."

मग फोन सुरू झाले. दानम्माला तलफ यायची सकाळी चूल पेटवताना. उमाशंकरला दुपारी, टपरीवरच्या पाठी दिसायला लागल्या की. बोलायला दोघांकडं फारसं काही नसायचं.

"हाय का रे?"

"हाय अक्का."

"मी बी हाय."

कधीकधी एवढ्यावरच फोन संपायचा. पण त्यानंतरचा अर्धा तास निघून जायचा, आणि तेव्हा एकेक अर्धा तासच काढायचा होता. हातांचं काय करावं ते कळायचं नाही. पेन, किल्ली, पोत्याची सुतळी, जे सापडेल ते बोटांत फिरत राहायचं. संध्याकाळी खोलीवर गेलं की भिंती अंगावर यायच्या. आधी खोलीच्या दारात उभं राहून तो एक सिगरेट ओढायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघायचा. आता दारात नुसतं उभं राहायला कारणच उरलं नव्हतं.

आणि राग. भाजीत मीठ कमी पडलं तर हॉटेलवाल्यावर, ताडपत्री नीट घातली नाही तर हमालावर. एकदा शिवकन्या फोनवर गॅस कधी संपला ते सांगत होती, तर तिच्यावरच ओरडला. मग ती म्हणाली, "तुमी ओढा बाबा एकदाची. पण असं बोलत जाऊ नका." फोन ठेवल्यावर तो कितीतरी वेळ खाटेवर बसून होता. ज्या घरासाठी म्हणून सोडली, त्या घरालाच ती परत हवी होती.

एके सकाळी दानम्माचा फोन आला नाही. उमाशंकरनं लावला, तर नुसता वाजत राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारी त्यानं पुन्हा लावला, आणि वाजून वाजून बंद झाल्यावर त्याचे पाय आपोआप टपरीकडं वळले.

"आले का उमाभाऊ!" अमरेशचं तोंड फुललं. "मला ठावंच होतं." त्यानं स्वतःच एक सिगरेट घेऊन पुढं केली. कुणीतरी सरकून जागा दिली. उमाशंकरला भरून आलं. आपली आठवण काढणारं इथं कुणीतरी होतं. पण ही जागा सिगरेट हातात असलेल्या उमाशंकरची होती. अमरेशनं काडी ओढली. उमाशंकरनं सिगरेट ओठांपर्यंत नेली आणि कोण जाणे का, म्हातारी मेली तर नसेल, असं त्याच्या मनात आलं. "थांब, एक काम राहिलं," असं पुटपुटत त्यानं सिगरेट शर्टाच्या खिशात टाकली, साहेबाला फोन करून अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आणि बसस्टँड गाठलं. लोहा, अहमदपूर, चाकूर. सगळ्या वाटेनं तो खिशाला हात लावून बघत होता, ती सिगरेट आहे का नाही म्हणून.

गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत विचारत विचारत तो पोचला तेव्हा उन्हं कलली होती. दार नुसतंच लोटलेलं. आत धूर. दानम्मा भिंतीला टेकून बसली होती. हातात विडी, आणि समोरच्या कोनाड्यात आणखी एक विडी नुसतीच जळत ठेवलेली.

"कशाला आलास?" ती म्हणाली.

"फोन उचलेनात तुमी."

"कोणत्या तोंडानं उचलू?"

तो दाराजवळच बसला. कोनाड्यातल्या विडीकडं बघत ती म्हणाली, "त्यायची रजई धुतली परवा. ऊन चांगलं व्हतं म्हणून धुतली. घडी घालताना नाकाला लावली तर नुसता साबणाचा वास. मग कोट हुंगला, टोपी हुंगली. कुठंच न्हाई. इतके दिवस घरात त्यायचाच वास हाय म्हणून मी निवांत व्हते. तो वास मीच करून राहिले व्हते रे. मी विडी सोडली, आन् ते दुसऱ्यांदा गेले घरातनं."

उमाशंकरला दवाखान्यात शिकवलेलं सगळं आठवलं. पाणी प्या, मोठा श्वास घ्या, जागा बदला. त्यातलं एकही इथं बोलण्यासारखं नव्हतं. त्यानं उठून चूल शोधली, पण ती विझलेली; कोपऱ्यात गॅस होता, त्यावर चहा ठेवला. धूर नाकातोंडात जात होता, जीव नुसता ओढ घेत होता. खिशातली सिगरेट जड झाल्यासारखी वाटत होती. चहाचा पेला तिच्यापुढं ठेवून त्यानं विचारलं, "कसे व्हते ते?"

दानम्मानं मान वर केली. माती दिल्यापासून हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"कुत्र्याला भ्यायचे," ती म्हणाली, आणि एकदम हसली. "एवढा दांडगा माणूस, गल्लीत कुत्रं दिसलं की माझ्या मागं. भांडण झालं की दुकानात जाऊन बसायचे, बोलायचे न्हाईत. पण दुपारचा डबा धुवून पाठवायचे. धुतलेला डबा आला की समजायचं, राग गेला. एकदा तर भांडण माझ्याकडनं, आन् डबा..." ती बोलत राहिली. चहावर साय धरली. हातातली विडी कधीच विझली होती. ती तिनं पुन्हा पेटवली नाही. कोनाड्यातली मात्र तिनं फुंकर घालून घालून विझू दिली नाही. ती शेवटपर्यंत जळून आपोआप थंड झाली.

"तू ओढलीस?" तिनं मधेच विचारलं.

"न्हाई."

"खिशात हाय की."

"हाय."

"मी ओढली म्हणून तू ओढायची न्हाई. कळलं?"

"आन् तुमी?"

"मला आज काय बी पुसू नको."

"बरं," उमाशंकर म्हणाला.

दिवेलागणीला तो आपल्या घरी गेला. आधी कळवलंही नव्हतं. शिवकन्यानं दार उघडलं, चेहरा क्षणभर खुलला आणि लगेच मिटला. ती एक पाऊल मागं सरली.

"ओढून आलात."

"न्हाई. शप्पथ."

"अंगाला वास येतोय. विडीचा. आता विडीवर आलात का?"

तो सांगायला लागला: एक अक्का आहे, तिचा नवरा वारला, ती कोनाड्यात विडी लावते. आपल्याच कानाला ते खोटं वाटत होतं. शिवकन्याची नजर त्याच्या खिशावर गेली. तिनं दोन बोटांनी सिगरेट बाहेर काढली, ओट्यावर ठेवली आणि भाकरी थापायला वळली. आतल्या खोलीत अक्षरा अभ्यासाला बसली होती. तिला त्यानं सांगायचा प्रयत्नच केला नाही. कितीतरी दिवस न ओढता काढलेला माणूस आपल्याच घरात चोरासारखा बसला होता.

सकाळी शिवकन्या पदर खोचून म्हणाली, "चला. दावा तुमची अक्का."

दानम्मानं दार उघडलं, शिवकन्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि "या" म्हणाली. घरात अजून वास होता. शिवकन्यानं एकदा नवऱ्याकडं बघितलं, मग कोनाड्यातल्या राखेकडं, आणि खाली बसली. तिचं माहेर उदगीरचं. तिनं कानडीत काहीतरी विचारलं, दानम्मानं कानडीतच उत्तर दिलं, आणि दोघींचं बोलणं सुरू झालं. उमाशंकरला कानडी थोडं कळायचं, पण भरभर बोललं की हातातून निसटायचं. तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. थोड्या वेळानं आतून रडणं ऐकू आलं. म्हातारी रडत असेल असं त्याला वाटलं. कान दिला तर ती शिवकन्या होती. नवरा परगावी, पोरगी पुस्तकात. दिवसभर भिंतींशी बोलणारं लातूरला पण कुणी आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो उठला, दारापर्यंत गेला आणि आत जावं का नाही ते न कळून परत पायरीवर बसला.

शिवकन्या डोळे पुसत बाहेर आली. "तुमी निघा, गाडी चुकंल. मी बसते जरा अक्कापाशी."

त्यानंतर दानम्मानं विडी सोडली, पुन्हा धरली, पुन्हा सोडली. अजून तिचं तसंच चालू आहे. शिवकन्या दुपारी तिच्याकडं जाऊन बसते. दोघी मिळून पापड लाटतात, भांडतातही. उमाशंकरला येणारे दानम्माचे फोन त्यामुळं कमी झाले. त्याला बरं वाटलं, आणि नाहीही वाटलं. अमरेश एकदा गोदामात दोन चहा घेऊन आला, पोत्यावर बसला, अर्धा पेला झाल्यावर चुळबुळ करत उठला आणि "आलोच" म्हणून बाहेर गेला.

परवाच्या रविवारी लातूरहून परतताना गाडी अहमदपूरला थांबली. बाप्ये भराभर उतरले आणि गाडीच्या सावलीत घोळका करून उभे राहिले. धूर वर चढायला लागला. उमाशंकरही उतरला, पण गाडीच्या दुसऱ्या बाजूला, उन्हात. एक अनोळखी माणूस ओठात विडी धरून त्याच्याकडं आला.

"माचिस हाय का, भाऊ?"

"न्हाई."

"ओढत न्हाई का?"

इतके दिवस तो 'सोडली' म्हणायचा, आणि मग कधी, कशी, सगळं सांगावं लागायचं.

"न्हाई," उमाशंकर म्हणाला.

माणूस मान डोलावून सावलीतल्या घोळक्याकडं गेला. कंडक्टरची घंटी होईपर्यंत उमाशंकर तिथंच, उन्हात उभा राहिला.