गॉगलवाला नागोबा

परळीच्या मृत्युंजय पेंटरनं आजवर इतक्या गणपतींचे डोळे उघडले होते, की त्याचा कुंचला दिसला तरी मूर्ती आपणहून पापण्या हलवायच्या म्हणे. पण गणपती वर्षातून एकदाच येतात. म्हणून पालीजवळ बिंदुसरा धरणाच्या काठावर विजयसिंह नावाचा बडा आसामी वॉटरपार्क काढतोय हे कळताच तो तिकडं पळाला. नमुन्याचं चित्र पसंत पडलं तर पार्काचं सगळं रंगकाम त्याचं. नाहीतर पुण्याची पार्टी टपून बसलेलीच होती.

त्यानं घसरगुंडीसाठी नागोबा काढला. शेपटीतून शिरायचं, पोटातून घसरायचं, जिभेवरून धपकन पाण्यात. नाग एवढा अगडबंब, की चित्रातलं बिंदुसरा धरण त्याच्यापुढं दुधाची वाटी वाटत होतं.

विजयसिंहाच्या ओसरीवर चित्र टेकवून त्यानं शेवटी डोळे रंगवले आणि तिथंच घोळ झाला. सवयीनं तोंडातून 'ॐ नमः शिवाय' निघालं, सवयीनंच हात जोडले गेले. विजयसिंहाची आई छबुबाई बघत होती. ती आत गेली, कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि नागाच्या कपाळाला बोट टेकवून मोकळी झाली.

"आई, ही घसरगुंडी हाय," विजयसिंह म्हणाला.

"व्हती. आता देव हाय. देवाच्या जिभंवर लेकरं चड्ड्या घासत येणार व्हय?"

"पेंटर, डोळे पूस बे."

"आन् उघडल्या डोळ्याचा देव आंधळा करतो काहून?" छबुबाई लेकावर कडाडली.

विजयसिंहानं मोबाइल काढला आणि पुण्याचा नंबर शोधू लागला. मृत्युंजयची पंचाईत झाली. डोळे पुसता येईनात, ठेवताही येईनात. तेवढ्यात त्याची नजर विजयसिंहाच्या काळ्या गॉगलवर गेली. हा गडी गॉगलासकट जन्मला असं गावात बोललं जायचं. त्याचे डोळे छबुबाईनंच तेवढे पाहिलेले, तेही बारशाला.

मृत्युंजयनं काळा रंग उचलला. डोळे पुसले नाहीत, वर गॉगल चढवला. खाली विजयसिंहासारख्या पिळदार मिशाही ओढल्या.

छबुबाईनं चित्राकडं पाहिलं, लेकाकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"ह्यो कुठला नागोबा. ह्यो तर आमचा विजू. ह्याच्या पाया कोण पडतंय? जाऊ द्या लेकरं पोटातनं."

"काकू, कुंकू पुसू?" मृत्युंजयनं भीत भीत विचारलं.

"राहू दे की. विजूलाबी लावतेच मी."

विजयसिंह चित्राजवळ गेला. धरणाहून मोठं आपलं रूप त्यानं दोनदा न्याहाळलं. मोबाइल खिशात गेला.

"पेंटर, मिशा जरा दाट कर. सोमवारपासून ये कामाला."

त्यावर मृत्युंजयनं असा काही सुस्कारा सोडला, की गॉगलाचा ओला रंग जागच्या जागी वाळला.